काच चकाचक, मासे खलास

लिफ्टच्या दुरुस्तीपासून पाण्याच्या बिलापर्यंत एकाही गोष्टीवर ज्या सभेत एकमत होत नाही, त्याच सभेत लॉबीत फिश टँक ठेवायचा ठराव मात्र टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. तीन बाय दीड बाय दीड फुटांची काचेची पेटी येते. तळाला निळे-गुलाबी खडे पडतात, तोंड उघडून बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा शिंपला बसतो. ‘सगळे एकत्र राहतात’ असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलेले एंजल, गोल्डफिश, टायगर बार्ब, मॉली आणि निऑन टेट्रा एकाच संध्याकाळी आत उतरतात. आठवडाभर इमारतीतल्या पोरांची नाकं काचेला चिकटलेली असतात. दुसऱ्या आठवड्यात पहिला मासा उलटा तरंगतो आणि तपास सुरू होतो. पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या मते इमारतीवर आलेलं संकट माशाने अंगावर घेतलं. खजिनदारांच्या मते दुकानदाराने आजारी माल गळ्यात मारला. वास्तुशास्त्र जाणणारे एक गृहस्थ प्रत्येक इमारतीत असतातच. ते टाकी ईशान्येला सरकवायला सांगतात आणि त्यात पावणेदोनशे किलो पाणी आहे हे कळल्यावर स्वतःच्या पाठीवर हात ठेवून निघून जातात. संकटाची उपपत्ती मला मनापासून आवडते. पण ती खरी असती, तर महिन्याला पाच मासे गमावणारी इमारत पृथ्वीतलावरची सर्वांत सुरक्षित वास्तू ठरली असती. प्रत्यक्षात तिची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये नेमाने अडकते. या सगळ्या तपासात नजर असते ती मेलेल्या माशावर. पाण्याकडे कोणी बघत नाही, कारण पाणी स्वच्छ दिसतं. माझा संशय नेमका त्या स्वच्छतेवर आहे. लॉबीतले बहुसंख्य मासे घाणीने नव्हे, साफसफाईने मरतात.

हा आरोप गंभीर आहे, म्हणून पुरावा मुळापासून मांडतो. मासा खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. नदीत तो वाहून जातो. टाकीला मोरी नसते. ज्या पाण्यात जेवण, त्यातच झोप, त्यातच शौचालय, आणि ड्रेनेजचा पत्ता नाही, अशा इमारतीला महापालिका भोगवटा प्रमाणपत्र देणार नाही. माशांना मात्र आपण पहिल्याच दिवशी ताबा देऊन मोकळे होतो. टाकीचं ड्रेनेज म्हणजे जिवाणू. त्यांची एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते आणि दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, झाडांना तर ते खाद्यच. (गोड्या पाण्याच्या टाक्यांमधल्या या दुसऱ्या टोळीचं श्रेय वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टर नावाच्या जिवाणूला मिळत होतं. काम बहुधा नायट्रोस्पायरा नावाचा भलताच जिवाणू करत असावा, हे 1998 साली लक्षात आलं. सफाई कामगाराचं नाव चुकीचं लिहिणं ही काही फक्त आपल्याकडची खासियत नव्हे.) दोन्ही टोळ्या हळूहळू वाढतात, नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. राहतात कुठे, तर फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर, एका बुळबुळीत थराच्या रूपाने. आणि बुळबुळीत गोष्टींचा तर मराठी मध्यमवर्गाला जन्मजात तिटकारा. हे विशेषण आपण शेवाळलेल्या मोरीसाठी आणि नापसंत स्थळासाठी राखून ठेवलेलं आहे.

आता रविवारची टाकीधुणी बघा. मासे बादलीत जातात. तीच बादली, जिच्यात शनिवारी फिनेल होतं. खडे मोरीत ओतून तांदूळ धुतल्यासारखे चोळले जातात, पाणी नितळ होईपर्यंत. स्पंज नळाखाली धरून पिळला की त्यातून चहाच्या रंगाचं पाणी निघतं, आणि कोणीतरी विजयी मुद्रेने म्हणतं, ‘बघा, केवढी घाण होती!’ ती घाण नव्हती हो, तेच ते ड्रेनेज खातं होतं, सगळ्या कर्मचाऱ्यांसकट. वाचलेल्यांसाठी वर नळाचं पाणी येतं. त्यातला क्लोरिन महापालिका जिवाणू मारण्यासाठीच घालते आणि तो आपलं काम निष्ठेने करतो. माशांचे कल्लेही भाजून काढतो. ॲन्टी-क्लोरिनची बाटली टाकीखालच्या कपाटात असते, पण चावी सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गावाला. शेवटी काच वर्तमानपत्राने पुसली जाते आणि लॉबी लग्नघरासारखी चकचकते.

खरी मेख पुढे आहे. वॉचमनच्या वहीत कुरिअर, पाहुणे आणि टँकरच्या नोंदींशेजारी मेलेल्या माशांचीही नोंद ठेवली, तर सगळा गुन्हा तारीखवार उलगडतो. रविवारी रात्रीपर्यंत गेलेले मासे क्लोरिनचे किंवा एकदम बदललेल्या तापमानाचे. पण मोठी रांग लागते मंगळवार-बुधवारी, कारण ड्रेनेज बंद पडल्यावर अमोनिया साठायला तेवढा वेळ लागतो. मंगळवारी मेलेल्या माशासाठी रविवारी शाबासकी मिळालेल्या माणसावर कोण संशय घेणार? उलट ‘परवाच तर धुतली होती’ हा त्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून सभेत मांडला जातो. आणि परवा धुऊनही मासे मरतात, म्हणजे पंधरवड्यातून एकदा धुणं पुरत नसणार, दर आठवड्याला धुतली पाहिजे, असा ठराव होतो.

यावर पहिला आक्षेप असा की पाणी तर काचेसारखं स्वच्छ आहे. अमोनियाला रंग नसतो आणि मासे मारायला लागतो तेवढ्याशा प्रमाणात त्याचा वासही येत नाही. थोडा हिशेब करू. चाळीस टक्के प्रथिनं असलेलं एक ग्रॅम खाद्य माशांच्या पोटातून गेलं की अंदाजे पस्तीस ते चाळीस मिलिग्रॅम अमोनिया तयार होतो. खडे आणि शिंपला वजा जाता लॉबीच्या टाकीत एकशेसाठ लिटर पाणी धरा. शाळेत जाणारी मुलं, फिरून आलेले आजोबा, कुरिअरची वाट बघणारा कोणी आणि रात्रपाळीचा वॉचमन अशा सर्वांनी मिळून पाच ग्रॅम खाद्य टाकलं, तर एका दिवसात लिटरमागे एक मिलिग्रॅमहून जास्त अमोनिया जमतो. एवढ्या प्रमाणाला माशाचा जाणकार दचकतो. त्यातून पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी, यावरही बरंच अवलंबून असतं: सामू सातवरून आठवर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो. म्हणून धरणाच्या मऊ पाण्यावर कसेबसे तग धरलेले मासे मे महिन्यात बोअरवेलच्या जड पाण्याचा टँकर आला की एका रात्रीत मान टाकतात. आणि नायट्राइट तर त्याहून लबाड. ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच काढून घेतं, रक्त तपकिरी पडतं. पाण्यात भरपूर हवा असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतो. लॉबीतली मंडळी हे बघून कळवळतात, ‘बिचारा भुकेला आहे’ म्हणतात आणि आणखी एक चिमूट टाकतात.

दुसरा आक्षेप जरा वकिली आहे: पाणीच वाईट असेल तर सगळे एकदम का मरत नाहीत? कारण सगळे मासे एका मापाचे नसतात. निऑन टेट्रा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला. मॉलीला जड पाणी मानवतं. गोल्डफिश थंड पाण्यात सुखी. त्यांना एका टाकीत कोंबणं म्हणजे एकाच फ्लॅटमध्ये एकाने एसी अठरावर ठेवायचा आणि दुसऱ्याने शेकोटी पेटवायची. जो आधीच बेजार आहे तो आधी जातो. शिवाय हळूहळू बिघडणाऱ्या पाण्याची जुन्या माशांना सवय होते, नव्याला होत नाही. म्हणून नवा मासा दुसऱ्या दिवशी मरतो, जुना त्याच्याकडे बघत फिरत राहतो आणि ठपका येतो दुकानदारावर. दुकानदार अगदी निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. ‘सगळे एकत्र राहतात’ हे त्याचं वाक्य निऑनच्या बाबतीत खोटं ठरायला एंजल मोठा होईपर्यंतच वेळ लागतो, कारण मोठा एंजल निऑन गिळतो. आणि टायगर बार्ब त्याच एंजलचे पर कुरतडून सूड घेतो. पण इथे निदान प्रेताचा पत्ता लागत नाही किंवा पर फाटलेले दिसतात. अख्ख्या अंगाने, एकही जखम नसताना उलटे तरंगणारे मासे हा वेगळा खटला आहे.

तिसरा आक्षेप मात्र बिनतोड वाटतो. पालिकेचं हिवताप खातं डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडतं. ते साचलेल्या डबक्यात, अगदी गटारातसुद्धा मजेत वाढतात, आणि आमच्या लखलखीत टाकीत तोच गप्पी चार दिवसांत मरतो, हे कसं? पण हा आक्षेप माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. गटाराला कोणी रविवारी घासत नाही. तिथल्या भिंतींवर, गाळावर, शेवाळावर ते बुळबुळीत खातं अहोरात्र कामावर असतं. उथळ पाण्याच्या वरच्या पातळ थरातला प्राणवायू गप्पीचं वरच्या दिशेला वळलेलं तोंड बरोबर टिपतं, आणि त्याला तिथे चाळीस बिऱ्हाडं खाऊ घालत नाहीत. तरी कोणी म्हणेल, अमक्यांच्या घरी काचेच्या वाडग्यात गोल्डफिश दोन वर्षं जगला. नीट ठेवला तर गोल्डफिश दहा वर्षांहूनही जास्त जगतो. दोन वर्षांत तो गेला, तर त्याला अकालमृत्यू म्हणतात.

मत्स्यालयाच्या इतिहासातही ह्याच खटल्याचा एक जुना निकाल सापडतो. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1850 च्या सुमारास काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या. कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागलं. लॉबीतला कोणीही सदस्य असता तर त्याने भांडं घासायला घेतलं असतं. वॉरिंग्टनने आत गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, पाणी निवळलं. प्राणवायूचा हिशेब त्याने मांडला होता; अमोनियाचा मांडता आला नसता, कारण विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने त्या जिवाणूंचा छडा लावला तो चाळीसेक वर्षांनी. पण घासण्याऐवजी खाणारा बसवावा, एवढं त्याला सुचलं.

खाणारा बसवायची कल्पना आपल्याकडेही आहे, पण तिचं नाव सकर. ‘हा सगळी घाण खातो’ म्हणून दोन इंची सकर टाकीत सोडतात. तो शेवाळ खातो हे खरं. पण खाल्लेलं शेवाळ गुप्त होत नाही, टाकीतच दुसऱ्या रूपाने पडतं, आणि सकर फूटभर वाढतो. मग कोणीतरी दयाळू माणूस त्याला नदीत सोडतो, आणि तो उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात शिव्या खात सापडतो. साफसफाईचा दुसरा अवतार म्हणजे धूरफवारणी. डासांच्या औषधातली पायरेथ्रॉइड जातीची रसायनं माणसाला त्या मानाने सौम्य आणि माशाला जहाल असतात. फवारणीवाला लॉबीत धूर सोडतो, माणसं दारं लावून घेतात, आणि टाकीचा एअर पंप लॉबीतली तीच हवा ओढून शिंपल्याच्या तोंडातून माशांना बुडबुड्या-बुडबुड्याने पाजत राहतो. पंप अर्धा-पाऊण तास बंद ठेवून टाकीवर ओली चादर टाकणं एवढंच करायचं असतं. पण फवारणीची नोटीस लागते ‘लहान मुलं, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण’ यांच्या नावे. माशांना पत्रव्यवहारात जागा नसते.

कोणी म्हणेल, मग काय टाकी धुवायचीच नाही? धुवायची, पण हात आखडून. आठवड्याला पाव टाकी पाणी काढायचं, क्लोरिन घालवलेलं तेवढंच पाणी सावकाश घालायचं, खडे जागेवर राहू द्यायचे आणि स्पंज नळाखाली नव्हे तर काढलेल्या पाण्याच्याच बादलीत दोनदा दाबायचा. नवी टाकी असेल तर महिना-दीड महिना एक-दोन चिवट मासे ठेवून थांबायचं. सभेत याला विरोध होतो तो मुख्यतः रविवारच्या श्रमदानाचं काय, या मुद्द्यावर. काच थोडी हिरवट दिसली तर पाहुणे काय म्हणतील, हा दुसरा मुद्दा. पाहुणे येतात ते सरळ लिफ्टच्या दिशेने, पण ते असो.

राहता राहिली ती बादली. तिच्यातलं चहाच्या रंगाचं पाणी वॉचमन ओततो लॉबीच्या कोपऱ्यातल्या मनीप्लँटच्या कुंडीत, मोरीपर्यंत जायचा कंटाळा म्हणून. नायट्रेटवर पोसलेला तो वेल भिंत चढून नोटीस बोर्डावर पसरलेला असतो, आणि ‘माशांना परस्पर खाऊ घालू नये’ ही सूचना त्याच्या तळहाताएवढ्या पानांखाली पार झाकून गेलेली असते.