स्टिक्सच्या नळावर

आमच्या विभागात दोन प्रिंटर होते. दुसऱ्या मजल्यावरच्याचं नाव स्टिक्स आणि चौथ्या मजल्यावरच्याचं लेथी. आमचे कॉम्प्युटर युनिक्स या प्रणालीवर चालणारे, आणि युनिक्सवाल्यांना यंत्रांना नावं ठेवायची फार हौस, दोन्ही अर्थांनी. त्यात आमच्या सिस्टिम ॲडमिनला ग्रीक पुराणांचं वेड. स्टिक्स म्हणजे मेल्यावर ओलांडायची नदी, आपली वैतरणी. लेथीचं पाणी प्यायलं की मागचं सगळं विसरायला होतं. दोन जिने चढून कागद आणायचा कंटाळा सगळ्यांनाच असल्यामुळे लेथीवर पाठवलेलं काम पाठवणारा खरोखरच विसरून जाई. तिच्या ट्रेमध्ये दोन-दोन महिन्यांपूर्वीचे गृहपाठ सापडत.

मी गिरगावातल्या चाळीतून अमेरिकेतल्या या विद्यापीठात आलेलो. मुंबईच्या नळाला वैतरणेचं पाणी येतं, त्यामुळे वैतरणेसाठी नंबर लावणं हे माझ्या अंगवळणी पडलेलं. स्टिक्सभोवतीची माणसं पाहिली आणि मला परक्या देशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. काळ 1990 च्या दशकाच्या मधला. साठ-सत्तर माणसं आणि मिनिटाला आठ पानं काढणारं एक यंत्र. पहाटेच्या नळालाही याहून बरी धार असे.

चाळीत नळावर कोणाची घागर लागली आहे हे बघायला गॅलरीतून वाकावं लागे. इथे आपल्या खुर्चीत बसून ‘एलपीक्यू’ असं टंकलं की पुरे. पडद्यावर यादी उमटायची: कोणाचं काम चालू आहे, पहिला कोण, दुसरा कोण, फाइलचं नाव काय, आणि शेवटच्या रकान्यात ती किती बाइटची. म्हणजे कोणाची घागर केवढी तेसुद्धा. एखाद्यानं चाळीस लाख बाइटचा आलेख पाठवला असेल तर यादी वाचतानाच पोटात गोळा यायचा. काम पाठवायला ‘एलपीआर’, परत घ्यायला ‘एलपीआरएम’. पण इथे एक नियम होता. आपली घागर आपणच काढायची, दुसऱ्याच्या घागरीला हात लावायचा नाही. तो अधिकार फक्त सिस्टिम ॲडमिनचा आणि तो उगवायचा साडेदहाला. हा नियम ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

फाइलींची नावं सगळ्यांना दिसत, याचं भान मात्र फार थोड्यांना होतं. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाची ‘रेझ्युमे’ नावाची फाइल लागोपाठ तीन दिवस रांगेत दिसली. तो संशोधन सोडून नोकरी शोधतोय ही बातमी त्याच्या गाईडला सोडून सगळ्या विभागाला कळली. एक कोरियन मित्र होता, तो त्याच्या प्रत्येक फाइलला ‘सॉरी’ असं नाव देई. मागे उभ्या असलेल्यांची आधीच माफी मागून ठेवलेली बरी, असं त्याचं म्हणणं.

रांग राखायचं काम ज्या प्रोग्रॅमकडे असतं त्याला म्हणतात डेमन. हे नाव 1963 च्या सुमाराला एमआयटीतल्या मंडळींनी ठेवलं, भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या भुतावरून. मॅक्सवेलचं भूत न थकता, कोणाला न दिसता रेणू निवडत बसतं, तसंच हेही पडद्यामागे खपत असतं. मला ते कोकणातल्या राखणदारासारखं वाटे. रात्री गावाला फेरी मारतो, कोणाच्या दृष्टीला पडत नाही, आणि मान राखला नाही तर रुसतो. आमचा राखणदार महिन्यातून दोनदा तरी रुसायचा. मग एलपीक्यू म्हटलं की यादीच्या वर एक ओळ यायची, तिचा सरळ अर्थ: ‘सावधान, भूत हजर नाही.’ भूत हजर नसण्याची सूचना लेखी देणारी ही जगातली एकमेव व्यवस्था असावी.

खरं तर युनिक्सच्या नशिबात छपाई पहिल्यापासून लिहिलेली. 1969 साली बेल लॅब्जमधल्या चार-दोन माणसांनी एका अडगळीतल्या यंत्रावर ते सुरू केलं. धड यंत्र घ्यायला पैसे मिळेनात. शेवटी, आमच्या पेटंट खात्याचे अर्ज नीट टाइप होतील अशी सोय करून देतो, या बोलीवर नवं यंत्र पदरात पडलं. 1971 मध्ये खात्यातल्या टायपिस्ट त्यावर खरोखर काम करू लागल्या. म्हणजे आज जिच्या नातवंडा-पतवंडांवर निम्मं जग चालतं, त्या प्रणालीनं आपली पहिली भाकरी टायपिंगवर कमावली.

आणि प्रिंटरवरच्या रागाची गोष्ट म्हणाल तर ती रिचर्ड स्टॉलमनची. 1980 च्या आसपास एमआयटीत त्यांच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सकडून एक नवा लेझर प्रिंटर मिळाला. तो होता वेगळ्या मजल्यावर आणि कागद अडकवायची त्याला खोड. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमननी अशी सोय केली होती, की यंत्र अडलं की ताटकळलेल्या सगळ्यांना निरोप जावा आणि कोणीतरी उठून कागद ओढावा. नव्याचा मूळ प्रोग्रॅमच कोणी देईना. कार्नेगी मेलनमधल्या एका संशोधकाकडे तो होता, पण ‘दाखवणार नाही असा शब्द दिलाय’ म्हणून त्यानंही नकार दिला. हा नकार स्टॉलमनच्या मनात सलत राहिला आणि 1983 साली त्यांनी सगळी प्रणालीच नव्यानं, सर्वांना खुली अशी लिहायची घोषणा केली. नळाला पाणी नाही म्हणून आम्ही वॉर्ड ऑफिसात अर्ज टाकतो. या गृहस्थांनी धरण बांधायला घेतलं.

मी काही धरणवाल्यांतला नाही. माझं नाव स्टिक्सच्या इतिहासात राहिलं ते वेगळ्याच कारणानं.

सप्टेंबर महिना. गावातल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती शनिवारी बसायचा होता. मंडळाच्या कार्यवाह काकूंचा फोन आला, “अरे, तुमच्या युनिव्हर्सिटीत फुकट छापून मिळतं ना रे? आरत्यांची पुस्तिका हवी. इथल्या पोरांना एक अक्षर पाठ नाही.” काकूंना नाही म्हणायची मंडळात कोणाची प्राज्ञा नव्हती. तेव्हा टेक नावाचा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी देवनागरीची सोय झाली होती. हॉलंडमधल्या फ्रान्स व्हेल्थुईस नावाच्या माणसानं 1991 च्या सुमाराला ती केली होती. रोमन अक्षरांत मराठी टंकायचं आणि पलीकडून काना-मात्रा-वेलांटीसकट देखणी अक्षरं निघायची. दोन रात्री जागून मी बारा पानं जुळवली. कागद वाचावा म्हणून ओळी अगदी तळापर्यंत ठासून भरल्या. गुरुवारी रात्री अकराला चाळीस प्रतींचा हुकूम सोडला, हिशेब केला: चारशेऐंशी पानं, तासाभराचं काम, अपरात्री कोण बघतंय. ट्रेमध्ये कोरं रीम भरलं आणि घरी जाऊन झोपलो.

एक बारीकशी गोष्ट राहून गेली. पुस्तिका मी घरच्या सवयीनं ए-फोर आकारात जुळवली होती. अमेरिकेत ए-फोर नसतो, लेटर असतो. सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड. पहिलं पान आलं आणि स्टिक्सनं आपल्या चिमुकल्या पट्टीवर ‘पीसी लोड ए-फोर’ अशी मागणी झळकवली. पीसी म्हणजे पेपर कॅसेट, कागदाचा ट्रे, हे ज्याला माहीत त्यालाच माहीत. बाकीचे समजत की कॉम्प्युटरविषयी काहीतरी तक्रार आहे. ए-फोर देणार कोण? यंत्र रात्रभर त्या कागदाची वाट बघत हिरवा दिवा मिचकावत उभं राहिलं.

सकाळी नऊला मी पोचलो तेव्हा एलपीक्यूच्या यादीत माझ्या मागे सोळा जणं होती. सगळ्यात वर, ‘चालू’ या शब्दापुढे, माझं नाव. फाइलचं नाव ‘आरती’. दोन नंबरवर विभागातले सगळ्यात ज्येष्ठ प्राध्यापक. त्यांचा ग्रँटचा अर्ज दुपारच्या कुरिअरनं जायचा होता.

धावत खाली गेलो. म्हातारबुवा स्टिक्ससमोर बाह्या सरसावून उभे. पुढे चालू ठेवण्याचं बटण दाबलं की यंत्र निमूटपणे आहे त्या कागदावर छापतं, हा शोध त्यांना साडेआठलाच लागला होता. त्यांनी बटण दाबलं, बारा पानं आली, यंत्र पुन्हा अडलं. आता आपला अर्ज येईल या आशेनं त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा बारा पानं, पुन्हा तीच मागणी. माझं काम काढून टाकायचा अधिकार मला आणि सिस्टिम ॲडमिनला. मी अंथरुणात, तो साडेदहाला येणार. अशा रीतीनं त्या भल्या माणसानं एका प्रतीला एक बटण दाबत माझ्या एकोणीस पुस्तिका छापून काढल्या होत्या. बारा-बारा पानांचे गठ्ठे करून ते टेबलावर आडवे-उभे रचूनही ठेवले होते.

मी शरमेनं वाकून आधी उरलेलं काम रद्द केलं. स्टिक्सनं एक सुस्कारा सोडला, पंखा घरघरला आणि ग्रँटच्या अर्जाचं पहिलं गरम पान बाहेर आलं. प्राध्यापकांनी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं, खात्री करून घेतली आणि मग माझ्याकडे वळले.

“तुझ्या भाषेत प्रत्येकच शब्द अधोरेखित करतात का?” त्यांनी विचारलं.

गठ्ठे पाहिले तेव्हा उलगडा झाला. शिरोरेषा खाली येईल अशा बेतानं त्यांनी सगळी पानं उलटी लावली होती. क्रमही त्यांच्याच मनाचा, कारण पृष्ठांक होते तळाला, आणि तळ कापला गेला होता. मी म्हटलं, “सर, त्या रेघा वर असतात. आम्ही अक्षरं खाली लोंबत ठेवतो.” ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, “दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी?” आणि अर्जाचं दुसरं पान उचलायला वळले.

त्या गडबडीत पृष्ठांकाबरोबर आणखी काय कापलं गेलं हे बघायचं राहूनच गेलं. ते कळलं शनिवारी, शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये, निरांजन पेटल्यावर. प्रत्येक पानाची शेवटची ओळ गायब होती. लेटरचा आखूडपणा नेमका तिथे भोवला होता. इथे जन्मलेली पोरं पुस्तिका नाकाशी धरून जोरात म्हणत यायची, टाळ्या लयीत पडायच्या, आणि पानाच्या तळाशी आलं की सगळी एकदम गप्प. मग मागच्या रांगेतून, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या दोन-तीन आज्या ती ओळ उचलायच्या, एक पट्टी वरच्या सुरात. त्या ओळ संपवायच्या, पोरं पान उलटायची आणि पुन्हा ओरडायला लागायची. काकूंनी टाळ वाजवता वाजवता माझ्याकडे पाहिलं. ओळखल्यासारखंच पाहिलं.