करारावरचे गुरुजी

जिल्हा परिषदेचा शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतो, असं सेवापुस्तिकेत लिहिलेलं असतं. शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या गुरुजींना ते मान्य नव्हतं. नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन ते घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून घरात शाळा भरली. चहाला उशीर झाला की सुनेला कारण विचारायचं, किराणा चिठ्ठीतले ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे. घरच्यांनी देव पाण्यात घातले होते म्हणा ना!

देव पावला ७ जुलै २०२३ला. पवित्र पोर्टलवरून भरती होईपर्यंत जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक घ्यावेत, असं शासनाचं पत्र निघालं. वय ७०च्या आत, मानधन महिना २०,००० रुपये, बाकी कसले लाभ नाहीत. नोकरीची वाट बघत बसलेली डी.एड.वाली पोरं खवळली आणि त्यांचं काही चुकलं नाही. गुरुजींच्या घरी मात्र पेढे वाटले गेले.

कराराचं हमीपत्र समोर आलं तेव्हा गुरुजींनी आधी लाल पेन काढला. चुकांना गोल केले, खाली ‘सुधारून पुन्हा लिहा’ असा शेरा मारला आणि मगच सही ठोकली. तो कागद पुढं कोणत्या टेबलावर अडला, कोण जाणे.

मुख्याध्यापक त्यांच्याच हाताखाली शिकलेले. गुरुजी त्यांना अर्जात ‘माननीय’ आणि तोंडानं ‘काय रे’ म्हणतात. व्हरांड्यात गुरुजी दिसले की मुख्याध्यापक खुर्चीतून ताडकन उठतात आणि उगाच उठल्यासारखं दिसू नये म्हणून कपाट उघडून बघतात. एकदा ते म्हणाले, “गुरुजी, वरून लिंक आलीय, आजच भरायचीय.”

“आली तर येऊ दे, बसव तिला मागच्या रांगेत,” म्हणून गुरुजी औटकीकडं वळले. साडेतीनचा हा पाढा अभ्यासक्रमात नाही, हे त्यांना सांगायची छाती केंद्रप्रमुखांनाही झाली नाही. तेही त्यांचेच विद्यार्थी.

गुरुजींचा खरा हंगाम दसऱ्यानंतरचा. मुकादमाची उचल घेतलेली बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात आणि पट अर्ध्यावर येतो. त्या रात्री ट्रॅक्टर भरत असतो. कोयते, भांडी, वळकट्या, वर लेकरं. गुरुजी हजेरीपट आणि बॅटरी घेऊन ट्रॉलीपाशी उभे राहतात आणि नावं पुकारतात. वळकटीवर बसलेली चौथीतली पोरगी सवयीनं ओरडते, “हजर, गुरुजी!”

“हजर आहेस ना? मग उतर खाली.”

बाप मुकादमाकडं बघतो. मुकादम मान खाली घालतो, कारण औटकी त्यालाही कधी आली नव्हती. “उचलीचा हिशेब बरा तोंडपाठ आहे रे तुझा,” गुरुजी त्याला ऐकवतात.

“पण गुरुजी, लेकरं ठेवायची कोणापशी?” बाप विचारतो.

“म्हातारीपशी ठेव. हंगामी वसतिगृहात जेवण मिळतंय. नाही मिळालं तर मी हाये.”

पोरगी उतरते. तिच्यामागं आणखी एकदोघं. सगळी उतरत नाहीत. ज्यांच्या घरी म्हातारी नाही ती तशीच जातात. गुरुजी त्यांच्या नावापुढं गैरहजेरीची खूण करत नाहीत, जागा कोरी ठेवतात. नियमात हे बसत नाही.

पुढं भरती झाली. पोर्टलवरून तरुण शिक्षक आले, गुरुजींचा करार संपला, मानधन थांबलं. गुरुजी अजून रोज दहाला शाळेच्या फाटकात हजर असतात. सध्या त्यांनी नव्या सरांचं अक्षर सुधारायला घेतलंय.