आभाळाची काटकसर

संभाजीनगरात नळाला पाणी येण्याचा वार पंचांगातल्या तिथीपेक्षा मोठा. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला आणि कपड्यांचं अंगणाला, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. त्यामुळेच असेल, खगोलशास्त्रज्ञांत मला प्रा. गोविंद स्वरूप अगदी घरचे वाटतात.

जन्म १९२९चा, उत्तर प्रदेशातला. थोरली कामं मात्र बरीचशी आपल्याकडची. ऑस्ट्रेलियात मोडीत निघालेल्या सहा फुटी ३२ तबकड्या त्यांनी मागून घेतल्या आणि १९६५ साली कल्याणजवळ मांडून सूर्याचे रेडिओ तरंग टिपायला लावल्या. जाफर गेटच्या आठवडी बाजारात जुनं सामान उलटंपालटं करून पारखणारे जाणकार मी पाहिलेत. पण कुणाच्या पिशवीतून सूर्य निघाल्याचं ऐकिवात नाही.

मग उटी. तिथे भलीमोठी रेडिओ दुर्बीण उभारायची म्हणजे कुणीही आधी सपाट जागा शोधेल. यांनी उतार शोधला, तोही सुमारे ११ अंशांचा, कारण तिथला अक्षांश तेवढाच. त्यामुळे ५३० मीटर लांब दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एकाच आसाभोवती फिरवून आकाशातला स्रोत तासन्‌तास धरून ठेवता येऊ लागला. वेरूळच्या कारागिरांनी डोंगर कोरून कैलास काढला. या गृहस्थांनी डोंगर आहे तसाच कामाला लावला.

खरी कमाल खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. तिच्या शेजारी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रात्रभर आकाशाकडे कान लावून. एवढ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर वाऱ्याला तोंड द्यायलाच पोलादाचा डोंगर लागला असता. म्हणून बारीक तारांची जाळी ताणली. मीटरभर लांबीच्या तरंगांना तिची भोकं जाणवतच नाहीत, वारा मात्र आरपार निघून जातो. चाळणीत पाणी थांबत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. आभाळ थांबतं, हे स्वरूपांनी दाखवलं.

यंत्र घडवणाऱ्याचं नशीबही गमतीचं. शोध बहुधा वापरणाऱ्याच्या नावावर जमा होतो आणि बिघाड घडवणाऱ्याच्या. तरी २०२०मध्ये निधन होईपर्यंत स्वरूपांच्या डोक्यात यंत्रंच होती, असं मानायला माझी हरकत नाही.

पैसे थोडे आहेत, तर दुर्बीण लहान करू, असं ते म्हणाले असते तर कुणी नावं ठेवली नसती. उलट हिशेबनिसांनी पाठ थोपटली असती. त्यांनी पत्रा कमी केला, आभाळ नाही. काटकसर आणि कंजुषी यांतला फरक इतक्या स्वस्तात क्वचितच कुणी समजावून दिला असेल.