उभ्या गाडीची निगा

मोटार कशी चालवावी, हे सांगायला गल्लोगल्ली माणसं बसलेली आहेत. ती उभी कशी ठेवावी, हे मात्र कोणी सांगत नाही. पुण्या-मुंबईच्या गाडीमालकाला खरी गरज या दुसऱ्या सल्ल्याची असते. दसऱ्याला झेंडूची माळ घालून आणलेली गाडी पाडव्यापर्यंत गेटबाहेर किती वेळा गेली, हे सोसायटीच्या वॉचमनला विचारून बघा. ऑफिसला जायला मेट्रो नाहीतर कंपनीची बस बरी पडते. मंडईत न्यावी तर लावायला जागा नाही. लग्नाला न्यावी तर कार्यालयाच्या आवारात ती चारही बाजूंनी कोंडली जाते आणि शेवटची पंगत उठेपर्यंत सुटत नाही. शिवाय आपण गाडी बाहेर काढली की परत येईपर्यंत आपल्या जागेवर तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या जावयाची गाडी असतेच. तेव्हा गाडी उभी असते. आजचं सदर तिच्यासाठी.

आधी मुहूर्त. चाकाखाली लिंबू ठेवायची पद्धत आहे, ती असू द्यावी; फक्त लिंबू तळमजल्यावर चिरडावं. दिल्लीत सप्टेंबर २०२५ मध्ये हा विधी शोरूमच्या पहिल्या मजल्यावर झाला. अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला आणि कोरी करकरीत गाडी काच फोडून थेट खाली रस्त्यावर आली. सुदैवाने माणसं वाचली. गाडीला नजर लावायला मात्र कोणाला वेळच मिळाला नाही.

आता जागा. गाडीच्या आधी जागेचा विचार करावा असं मानणारे लोक जपानात राहतात. तिथे गाडी ठेवायला जागा आहे असा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो, तोही १९६२ सालच्या कायद्यापासून. आपल्याकडे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी अशीच घोषणा केली : पार्किंगचा पुरावा दाखवा, मगच नव्या गाडीची नोंदणी. ती ऐकून आरटीओबाहेरच्या एजंटांना बरं वाटलं असेल. दाखला आला म्हणजे दाखला काढून देणारा आलाच.

पार्किंग विकत घेतलंय असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी थोडा इतिहासही वाचावा. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की मोकळी जागा किंवा स्टिल्टखालचं पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं सुटं विकता येणार नाही. पुढे रेरा कायदा आला आणि झाकलेल्या पार्किंगला विक्रीची वाट मिळाली, मोकळ्या जागेला नाही. मग झाकलेल्या जागांमध्ये खांब आणि तुळया निघू लागल्या. गाडी आत जायची, पण दार उघडायचं नाही. दार उघडलं तर डिक्की वरच्या तुळईला लागायची. एप्रिल २०२४ मध्ये अखेर महारेराला फर्मावावं लागलं की पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकं ठिकाण करारातच लिहा. आमचा सल्ला एवढाच : फ्लॅट बघायला जाताना मोजायची टेप न्या आणि हॉल मोजण्याआधी पार्किंग मोजा. ड्रायव्हरच्या दाराला लागून खांब असेल, तर रोज डाव्या बाजूने चढून गिअरच्या दांड्यावरून उजवीकडे सरकायची तयारी ठेवा. साठीनंतर हे जड जातं.

नव्या इमारतींत स्टॅक पार्किंग असतं. एक गाडी खाली, दुसरी लोखंडी पाळण्यात वर. वरची काढायची तर खालची हलली पाहिजे, आणि दोन्ही एकाच घरातल्या असतील असं नाही. त्यामुळे पहाटेच्या विमानाला निघालेल्या माणसाचं संभाषण साधारण असं होतं :

"काका, जरा गाडी काढता का?"

"आत्ता? तू काल किती वाजता निघणार म्हणाला होतास?"

"साडेपाच. साडेपाचच वाजलेत, काका."

"अरे, मला वाटलं संध्याकाळचे."

शेवटी तो रिक्षाने जातो. गाडी पाळण्यात राहते.

उभ्या गाडीचा पहिला आजार बॅटरीचा. गाडी बंद असली तरी तिचं घड्याळ, अलार्म आणि किल्ली ओळखणारी यंत्रणा चालूच असते. बॅटरीतून थोडा थोडा करंट जात राहतो. यावर सोसायट्यांमध्ये एक रविवारचा विधी रूढ झालाय. लेंगा-बनियनमधले गृहस्थ सकाळी खाली येतात, सेल्फ मारतात, गाडी जागेवरच दहा मिनिटं घुरघुरत ठेवतात आणि कर्तव्य केल्याच्या समाधानाने पोहे खायला वर जातात. एवढ्या वेळात सेल्फ मारताना गेलेला करंट जेमतेम परत येतो. इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि धूर पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या देवघरात पोचतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी खरोखर रस्त्यावर न्यावी. महिनाभर गावी जाणार असाल तर बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. आणि एवढं करूनही गाडी सुरू झाली नाही, तर ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारायला पोरं गोळा करू नका. तशी ती सुरू होत नाही. पोरांचा व्यायाम होतो.

दुसरा आजार हँडब्रेकचा. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की मागचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक सोडावा आणि चाकाला वीट लावावी. पांडुरंग विटेवर उभा आहे, आपली गाडी विटेला टेकून. दोघांनाही हलायची घाई नाही. फक्त निघताना वीट काढायची आठवण ठेवा.

टायरचंही तसंच. गाडी चालली नाही म्हणून टायर नवा राहत नाही. रबर वयानेही कडक होतं आणि चिरतं. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. ३५२२ असेल तर तो २०२२ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. हवा थंड टायरमध्ये तपासावी. नायट्रोजन भरायचा आग्रह झाला तर पैसे काढण्याआधी आठवा की साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि साधी हवा पंपावर फुकट मिळाली पाहिजे असा नियम आहे. यंत्र बंद आहे असं उत्तर मिळेल. नियम यंत्राला माहीत नसतो.

पण उभ्या गाडीचा खरा मालक उंदीर. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला काहीतरी कुरतडावंच लागतं, आणि बॉनेटखाली ऊब, अंधार आणि वायरी हे सगळं एकत्र मिळतं. मग सकाळी डॅशबोर्डवर एकदम इतके दिवे लागतात की दिवाळी आली असं वाटावं. यावर प्रत्येक सोसायटीत वैद्य तयार असतात. कोणी तंबाखूची पानं ठेवा म्हणतं, कोणी डांबराच्या गोळ्या, कोणी फिनाइल. पुण्याच्या उंदराला या सगळ्याची चव कळलेली आहे. खरे उपाय दोनच : आत शिरायच्या जागांना जाळी लावणे आणि गाडी हलती ठेवणे. दुसरा उपाय सांगितला की लोक जाळीचा भाव विचारतात.

वायरिंगच्या खर्चाचा कागद हातात आला की विमा आठवतो. इथे घाई करू नका. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला असतो, आणि एका क्लेमने तो पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येतो. बोनस वाचवायचं वेगळं कलम घेतलं असेल तर गोष्ट निराळी. ही सवलत थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नसते, फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते. तेव्हा आधी बेरीज करा, मग उंदराविरुद्ध तक्रार. गाडी बदलली तरी बोनस तुमच्या नावावर राहतो. मात्र पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तो कुठल्याच नावावर राहत नाही.

पाण्याचं मात्र गांभीर्याने घ्यावं. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या जागेवरच बुडाल्या. त्यांना बाहेर पडायची गरजच उरली नव्हती. पाणी ओसरल्यावर हात शिवशिवतात, पण सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि विमा कंपनी म्हणते की पुरामुळे झालेलं नुकसान आमचं, सेल्फ मारल्यामुळे झालेलं तुमचं. इंजिनच्या संरक्षणाचं कलम वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. तळघरात गाडी लावणाऱ्यांनी ते घ्यावं आणि गाडी टोइंग करूनच गॅरेजला न्यावी.

मग टाकीतलं पेट्रोल. आता त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल असतं. इथेनॉलला हवेतला ओलावा आवडतो आणि त्यात ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं पडतं. किती, यावर सरकार आणि गाडीमालक यांचं एकमत नाही. इथेनॉल मक्यापासून आणि तांदळापासूनही होतं, पण आपल्या भागात त्याला उसाचाच वास येणार. तेव्हा आमची एक नम्र मागणी आहे : प्रत्येक गाडीला जवळच्या साखर कारखान्याचं सभासद करून घ्यावं. पडलेलं अ‍ॅव्हरेज दिवाळीच्या सवलतीच्या साखरेत वसूल होईल आणि वार्षिक सभेला जायच्या निमित्ताने गाडी हलेल तरी.

कागदपत्रांची गोष्ट झटपट उरकतो. गाडी धूर सोडत नसली तरी पीयूसीची मुदत संपते. बीएस-४ पासूनच्या गाड्यांना ती वर्षाची असते आणि दंड दहा हजारांपर्यंत जातो. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी नंबरप्लेट सक्तीची झाली, तिची मुदत ३१ मार्च २०२५ ठरली. मग एप्रिलअखेर, मग जून, मग ऑगस्ट, मग नोव्हेंबर. मार्चमध्ये रांग लावून प्लेट बसवणारे अजून शेजाऱ्यांच्या चेष्टेचा विषय आहेत. २०२५ मध्ये ३,००० रुपयांना निघालेला फास्टॅगचा वार्षिक पास २०० फेऱ्यांचा असतो. उभ्या गाडीच्या हिशेबाने त्या नातवंडांनाही पुरल्या असत्या, पण मुदत एकच वर्ष. तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नाही. म्हणजे लोणावळ्याला भजी खायला निघालेल्यांना त्याचा उपयोग शून्य.

एवढं वाचून कोणाला गाडी विकावीशी वाटली, तर ते शहाणपणाचं आहे. जाहिरातीत "सिंगल ओनर, कमी चाललेली" असं लिहा, ते खरंच असेल. घेणाऱ्याने मात्र किलोमीटरवर न भुलता टायरवरचे चार आकडे, बॅटरीची तारीख आणि बॉनेटखालच्या लेंड्या बघाव्यात.

आणि विकणाऱ्यांनो, किल्ली आणि पैसे यांची अदलाबदल झाली म्हणजे गाडी गेली असं समजू नका. आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवरचं नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय : अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याची. चलनही त्याच्याच मोबाइलवर येतं. तेव्हा नवा मालक "करून घेतो हो, काका" म्हणाला, तर त्याला चहा पाजा, गाडीत बसवा आणि स्वतः चालवत आरटीओला घेऊन जा.