व्हाइटफील्डमधील तणतज्ज्ञ

मुलाच्या नोकरीपायी पुणे-ठाणे सोडून बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये राहायला आलेल्या निवृत्त मराठी गृहस्थांचे जे पोटप्रकार आढळतात, त्यांत तणतज्ज्ञाचे स्थान प्राणायाम शिकवणारा आणि सोसायटीचा हिशेब तपासणारा या दोघांच्या मध्ये लागते. तणतज्ज्ञ म्हणजे तण उपटणारा नव्हे. तण ओळखणारा, ओळखल्याचे सर्वांस कळवणारा आणि कळवून झाल्यावर चहाची चौकशी करणारा. त्याची साधने म्हणजे नातवाचे भिंग, सुनेने मोबाइलवर घालून दिलेले झाडे ओळखण्याचे अ‍ॅप आणि त्या अ‍ॅपविषयीचा गाढ अविश्वास ही होत.

म्हैसूरच्या चामराजेंद्र वडियारांनी दिलेल्या जमिनीवर 1882 साली अँग्लो-इंडियन शेतकऱ्यांची वसाहत म्हणून स्थापन झालेल्या या गावात आज शेतीपेक्षा संगणकाच्या कंपन्या अधिक पिकत असल्या, तरी व्हिलांच्या मागे-पुढे चार वाफ्यांपुरती माती अजून शिल्लक आहे आणि तणतज्ज्ञाला तेवढी पुरते. या मातीत त्याची गाठ पडते ती वेडेलियाशी. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली ही वनस्पती जमिनीवर पसरणारी हिरवळ म्हणून नर्सरीवाले हौसेने विकतात आणि घरमालकही हौसेनेच लावतात. पुढे ती कुंडीवरून वाफ्यात, वाफ्यातून गटाराकडे आणि गटारालगत शेजाऱ्यांकडे जाते. माणसाने मूळ प्रदेशाबाहेर नेल्यावर जी वनस्पती स्थानिक झाडांना हुसकावून पसरते, तिला आक्रमक परदेशी वनस्पती म्हणतात, आणि जगातील अशा शंभर अत्यंत उपद्रवी जीवांच्या प्रसिद्ध यादीत वेडेलियाचा समावेश आहे, हे समजताच तणतज्ज्ञाच्या चेहऱ्यावर चिंतेपेक्षा समाधान अधिक दिसते. मुलाच्या घरात काहीतरी जागतिक दर्जाचे सापडलेले असते.

त्याआधीचा काही काळ मात्र तो तिला पिवळा माका समजत असतो आणि घरातील काकूंना तेल उकळायला लावून टकलावर प्रयोगही करून घेत असतो. हा गोंधळ अगदीच निराधार नाही, कारण औषधी पिवळा माका आणि वेडेलिया ही एकाच कुळातील, किंबहुना एकाच प्रजातीगटातील भावंडे आहेत. फरक पानांत पाहावा: माक्याचे पान निमुळते व बहुधा अखंड कडेचे असते, तर वेडेलियाचे पान जाडसर, तुकतुकीत आणि अनेकदा तीन खंडांत विभागलेले असते. एवढे ध्यानात आल्यावर तेलाची बाटली मोरीच्या कोपऱ्यात जाते आणि आपल्याला प्रथमपासूनच शंका होती, असे काकूंना सांगण्यात येते.

तण या विषयावर तो पुणेकर असल्यास अधिकच अधिकाराने बोलतो. गाजरगवताची भारतातील पहिली ठळक नोंद 1955 मध्ये पुण्यात झाली, हे तो शनिवारवाड्याच्या सुरात सांगतो. त्या गवताची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा आयात करून 1984 मध्ये प्रथम सोडला गेला तो बेंगळुरूत, असे कोणी कन्नड शेजाऱ्याने नम्रपणे निदर्शनास आणले, तर पुण्याने तणच दिले नसते तर भुंगा कोठे सोडला असता, असा प्रतिप्रश्न तयार असतो.

प्रत्यक्ष निर्मूलनाची वेळ आली, की तणतज्ज्ञ खुर्ची मागवतो. तिच्यावरून तो माळ्याला हिंदीत सूचना देतो, माळी कन्नडमध्ये होकार देतो आणि वेली वरच्यावर कापून कुंपणापलीकडे फेकतो, जे नेमके करू नये असे आहे. वेडेलियाचा प्रसार मुख्यतः बियांनी होत नसून पेरांपासून, म्हणजे खोडावर जेथे पाने फुटतात त्या सांध्यांपासून होतो. ओल्या जमिनीला टेकलेला पेराचा तुकडा मुळे धरतो, म्हणून कापणे म्हणजे तिची लागवडच होय. पाऊस पडून माती सैल झाली असता हातमोजे घालून वेल मुळांसकट उपटावी, तुटलेले तुकडे वेचावेत, ते हिरवे असताना खताच्या खड्ड्यात न टाकता फरशीवर कडक उन्हात पूर्ण वाळवावेत आणि पुढे कित्येक महिने नवे कोंब दिसताच काढत राहावेत, हाच भरवशाचा मार्ग आहे. बेंगळुरूला नैर्ऋत्य मोसमी पावसानंतर परतीचाही पाऊस चांगला मिळत असल्याने हे काम जूनपासून नोव्हेंबरपर्यंत पुरते. ही सर्व माहिती तणतज्ज्ञाला तोंडपाठ असते आणि ती तो फॅमिली ग्रुपवर आकृतीसह पाठवतो. त्याच वेळी मागच्या अंगणात पदर खोचून वेल उपटत असलेल्या काकूंकडे तो ग्रुप पाहण्यास सवड नसते.

तात्पर्य, ज्यांच्या घरी असे गृहस्थ मुक्कामाला असतील, त्यांनी त्यांचे म्हणणे आदराने ऐकावे, कारण निदान दुसऱ्या खेपेला ते बहुधा बरोबर असते. खुरपे मात्र त्यांच्या हाती लागण्याची वाट न पाहता स्वतःच उचलावे.