गुलाबी पाण्याचं भाग्य

बुलढाण्याला समुद्र नाही, म्हणून काही अडत नाही. पार्लरात समुद्री शेवाळाचा फेसपॅक मिळतो, मेडिकलमध्ये स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्या. दोन्ही महाग, म्हणजे गुणकारी असणारच! ही स्पिरुलिना जिल्ह्यातल्याच लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी सरोवरात फुकट वाढते. काठावरचा पर्यटक मात्र नाकाला रुमाल लावून ‘शी, काय शेवाळ!’ म्हणतो आणि सेल्फी काढतो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा कुठे चॅनेलवाल्यांना लोणार सापडलं. पुण्याच्या आघारकर संस्थेने हॅलोआर्किया हे पाणी गुलाबी करणारे सूक्ष्मजीव शोधून काढेपर्यंत व्हॉट्सॲपवर निदान होऊनही गेलं होतं. त्या पाण्याचा गुलाबी फेसपॅक तेवढा निघाला नाही. नशीब, सरोवर अभयारण्यात आहे.