चार वर्षांचं मनगट आणि चार वह्या

जून उजाडला की ज्युनिअर केजीची यादी घेऊन पालक स्टेशनरीच्या दुकानात रांग लावतात. चौकटीची वही, दुरेघी, चाररेघी, शिवाय गृहपाठाची वेगळी. मूल जेमतेम चार वर्षांचं. ही यादी पाहिली की मला राग येतो आणि तो गिळून टाकण्याचं कारण मला दिसत नाही.

माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची, मऊ असतात. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यातली साधारण तीन-चार दिसतात. बाकीची हळूहळू तयार होतात, शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी. अशा हाताला आपण बारीक पेन्सिल देतो आणि पानभर सात काढायला बसवतो. मुलाला सात म्हणजे किती ते कळत नाही, सात लिहिताना बोटं दुखतात एवढं पक्कं कळतं.

आता तेच पान बाजूला ठेवून मुलापुढे मूठभर चिंचोके ठेवा आणि म्हणा, ‘यातले पाच मला दे.’ शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी कितीतरी मुलं इथे मूठ भरून देतात. काही जण नीट पाच मोजतात, पण ‘किती झाले?’ विचारलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. मोजताना शेवटी आलेला आकडा हीच त्या ढिगाची संख्या, हे अजून त्यांच्या मनात बसलेलं नसतं. मानसशास्त्रज्ञ रोचेल गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी १९७८ सालच्या पुस्तकात मोजण्याची ही अंगं वेगवेगळी करून दाखवली: आकड्यांचा क्रम न बदलणं, एका वस्तूला एकच आकडा देणं, शेवटचा आकडा म्हणजे एकूण. यातलं क्रम पाठ होणं सगळ्यात सोपं. आपल्याकडे पाहुण्यांसमोर त्याचंच प्रदर्शन होतं आणि शाळाही तेवढ्यावरच खूश असते.

चिंचोक्यांचा दुसरा खेळ स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेचा. सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर लावा. मूल म्हणेल, सारखे आहेत. मग एक ओळ त्याच्या डोळ्यांदेखत लांबवा. पाच वर्षांची बरीच मुलं सांगतात, ‘आता इथे जास्त.’ इथे मोठ्यांनी चूक म्हणून ओरडू नये. ओळ पुन्हा जवळ आणावी, पुन्हा लांब करावी, मुलाच्या हाती द्यावी. हे जिला कळलं नाही त्या मुलीला बेरजेची खूण शिकवणं म्हणजे शाईची नासाडी आहे.

खेळ म्हटला की पालकांना वेळ वाया गेल्यासारखं वाटतं. त्यांच्यासाठी एक अभ्यास सांगतो. अमेरिकेत सीग्लर आणि रमानी यांनी गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एका ओळीत एक ते दहा आकडे असलेला पट खेळायला दिला. सोंगटी पुढे सरकवताना आकडा मोठ्याने म्हणायचा, एवढाच नियम. दोन आठवड्यांत चार बैठका, प्रत्येकी साधारण पंधरा मिनिटांची. २००८ साली छापलेल्या त्या अभ्यासात या मुलांची आकड्यांची समज स्पष्ट सुधारलेली दिसली. तसाच पट, पण आकड्यांऐवजी रंगांचा, खेळलेल्या मुलांत ती सुधारणा नव्हती. आपल्याला यासाठी खडू आणि फरशी पुरते. दहा घरं सरळ रेषेत आखा, मुलाला त्यावरून चालवा, उड्या मारू द्या, आकडा ओरडू द्या. घरातली सापशिडी मात्र जरा नंतर: तिचा पट दर ओळीला उलटा वळतो आणि नवशिक्या मुलाचा तिथे गोंधळ होतो.

मराठी मुलाची अडचण आणखी वेगळी आहे. तोंडाने म्हणायचं एकवीस, म्हणजे आधी एक. लिहायचे आधी दोन. एकोणतीस म्हणताना तर पुढच्या तिसाची आठवण ठेवावी लागते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा विधिमंडळापर्यंत गदारोळ पोचला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलं अडतात ती नेमकी इथे. त्या वादात भाषा बुडाल्याची हाकाटी झाली, पण आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे प्रत्येक वर्गात पोचले का, हे कोणी विचारलं नाही. रबरबँडने बांधलेले दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी हातात घेतलेल्या मुलाला एकवीस कुठल्याही नावाने सांगा, ते बरोबर ओळखेल. आणि हे सगळं पहिली-दुसरीचं काम आहे. केजीत दहापर्यंत पक्कं झालं, वीसपर्यंत ओळख झाली, तरी खूप झालं.

अक्षरांचंही तेच. वाचनाची सुरुवात कानाने होते आणि कानाचा सराव करून घेणारा उत्तम खेळ आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे: भेंड्या. शब्दातला शेवटचा आवाज वेगळा काढायचा आणि त्याने सुरू होणारा नवा शब्द शोधायचा. चार वर्षांच्या मुलांसाठी तो सोपा करता येतो. नावं घेत टाळ्या वाजवा: क-म-ळ तीन, आ-जी दोन. पिशवीत वाटी, वही, विटी, चमचा, चावी घाला आणि ‘च’ने सुरू होणारी वस्तू चाचपून काढायला सांगा. ज्या मुलाला ‘चावी’तला ‘च’ ऐकू येत नाही, त्याने तो शंभरदा गिरवला तरी ते नक्षीकाम राहतं.

मग हाताला अक्षर भेटावं, पण कागदाच्या आधी. मारिया माँटेसरींनी खरखरीत कागदाची अक्षरं कापून मुलांना बोटाने गिरवायला दिली. आपल्या जुन्या शाळांत धूळपाटीवर बोट फिरायचं. ताटात पसरलेला रवा आजही तेच काम करतो. चुकलं की ताट हलवायचं, खोडरबराने कागद फाटायची भीती नाही. कणीक मळून ‘ग’ वळवणाऱ्या मुलाला त्याची कान्यासारखी उभी रेघ बोटांना कळते. ‘ग’, ‘म’, ‘न’ हे सारख्या वळणाचे गट आधी घ्यावेत. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंतची रांग उच्चाराच्या शास्त्राने लावलेली आहे. ती सुंदर आहे, पण चार वर्षांच्या बोटांच्या सोयीने लावलेली नाही.

रोजच्या कामांतूनही हे होतं. वर्गाच्या दाराशी खिशांची हजेरीची फळी लावा. मूल आलं की आपल्या नावाची पट्टी शोधून खिशात खोचेल. रोजच्या रोज वाचन झालं. मग उरलेल्या पट्ट्या मोजा: आज कोण आलं नाही, किती जण आले नाहीत? खाऊच्या वेळी एकाने ताटल्या वाटाव्यात, प्रत्येकाला एक, कमी पडल्या तर अजून किती हव्यात ते ताईंना येऊन सांगावं. याला तासिका लागत नाही, सामान लागत नाही.

हे मी नवीन सांगत नाही, आणि याचंच जास्त वाईट वाटतं. ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून आल्या. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ तिथे आल्या. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा विचार तिथला. अंगणवाडी हे नाव ताराबाईंचं. महागडी परदेशी साधनं गावात परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी बिया, शंखशिंपले, खडे, पानं असं आसपासचंच साहित्य वापरलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये हे काम बहरलं. बोर्डी आणि कोसबाड मुंबईपासून काही तासांवर आहेत. मुंबईतल्या किती प्री-स्कूलवाल्यांनी तिकडे पाऊल टाकलं असेल?

त्यांच्याकडे ‘ॲक्टिव्हिटी’ असते हे मान्य. यलो डे, मँगो डे. कागदाचा आंबा बाई कापतात, गोंद बाई लावतात, मूल फक्त हात टेकवतं आणि पालकांच्या ग्रुपवर फोटो जातो. हाताने शिकणं यात कुठेच नाही. मुलाने स्वतः कापलेला आंबा वाकडा येतो, आणि वाकडा आंबा फोटोत चालत नाही. मराठी घरातल्या मुलाला इंग्रजी अक्षरांच्या झेरॉक्स रंगवायला देणं हा तर दुहेरी अन्याय: भाषा अनोळखी आणि हात बांधलेला.

कागदोपत्री सरकार योग्य बोलतं. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना नेमलेलं पाठ्यपुस्तक नसावं असं म्हटलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची पुस्तकं असलेला ‘जादुई पिटारा’ आला. पण शिक्षणहक्क कायद्याचा हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याखालच्या मुलांसाठी राज्यांनी सोय करावी एवढीच त्यात अपेक्षा आहे. आणि अंगणवाडीत, जिथे हे सगळं खरं घडायला हवं, तिथे एकाच सेविकेला वजनं-उंच्या, आहार, गृहभेटी, पोषण ट्रॅकरमधल्या नोंदी आणि मुलांचं शिक्षण एवढं सांभाळायचं असतं. पेटी कितीही चांगली असो, ती उघडून मुलांजवळ खाली बसायला माणसाला वेळ लागतो.

तेव्हा मागणी दोन ठिकाणी आहे. सरकारकडे: अंगणवाडी सेविकेला रोज सलग दोन तास नोंदींपासून सुट्टी द्या. त्या वेळेत फोन बंद, रजिस्टर बंद, फक्त मुलं. आणि खासगी शाळेत पैसे भरणाऱ्या पालकांकडे: पुढच्या पालकसभेत वही किती भरली हे विचारू नका. मुलांना मोजायला काय देता, ते मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवता का, एका ताईकडे किती मुलं, हे विचारा. उत्तर टाळलं तर पुन्हा विचारा, शेजारच्या पालकालाही विचारायला सांगा. वह्या शाळा बऱ्याचदा तुमच्यासाठीच भरून घेते. तुम्ही मागणं थांबवलंत तर पुढच्या जूनची यादी छोटी होऊ शकते.